गरीब, बुजरा, मारका

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, आठव्या अध्यायात, कोळ्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्रिमंडला, श्वेता, कपिला, जालिनी अशी त्यांची नावे. संस्कृतात कोळी स्त्रीलिंगी आहे, लूता. या सोळा लूतांचे दोनच गट केलेले आहेत: आठ जणींचे विष कष्टाने उतरते, आठ जणींचे उतरतच नाही. लूता हा शब्द कुठून आला याचीही कथा तिथेच आहे. विश्वामित्राने वसिष्ठाची धेनू न्यायला पाहिली, वसिष्ठ संतापले, त्यांच्या कपाळावरचे घामाचे थेंब कापलेल्या गवतावर पडले, आणि त्या 'लून' म्हणजे कापलेल्या गवतातून लूता जन्मल्या. राग ऋषीचा, आणि तो कायमचा चिकटला कोळ्याला.

हे वर्गीकरण वैद्याचे आहे. कोळी कुठे राहतो, काय खातो, याच्याशी वैद्याला फारसे कर्तव्य नाही. चावल्यावर माणसाचे काय होते, एवढ्यावरून त्याने कोळ्याला ओळखले. त्यात चूक काही नाही. दारात रोगी विव्हळत असताना दुसरे काय पाहणार? पण प्राण्याबद्दल लिहिलेला मजकूर वाचताना लिहिणारा कुठे उभा होता हे आधी पाहावे, ही अनुवादकाची सवय मला या अध्यायाशी पुन्हा घेऊन आली. निमित्त होते एका वेगळ्याच यादीचे.

माझा भाचा जबलपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला टॅरंटुला पाळायचा होता. घरात निर्णय माझ्या आईचा, म्हणजे त्याच्या आजीचा चालतो, आणि तिची अट साधी होती: जे घरात येणार त्याबद्दल मला नीट वाचायला मिळाले पाहिजे, आणि मराठीत. म्हणून नवशिक्यांसाठी लिहिलेली आठ पानांची एक इंग्रजी पुस्तिका माझ्याकडे अनुवादाला आली. तिच्या शेवटी तक्ता होता. डावीकडे बारा प्रजाती. पुढच्या रकान्यांत आकार, वाढ, ओलावा, आणि शेवटच्या रकान्यात 'टेम्परामेंट'. त्या रकान्यात चार-पाच शब्दच आलटून पालटून आले होते: डोसाइल, काम, स्किटिश, डिफेन्सिव्ह, अ‍ॅग्रेसिव्ह. कोणता कोळी पहिल्यांदा पाळायला घ्यावा हे सगळे त्या रकान्यावर ठरत होते.

'टेम्परामेंट' या शब्दाच्या मुळाशी मिश्रण आहे. युरोपच्या जुन्या वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांचे प्रमाण म्हणजे माणसाचे टेम्परामेंट. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द 'प्रकृती'. आपणही पित्तप्रकृती म्हणतो, आणि माणूस चिडला की त्याचे पित्त खवळले म्हणतो. पण कोळ्याची प्रकृती म्हटले तर वाचणाऱ्याला तो आजारी वाटेल. 'स्वभाव' म्हटले तर त्याला मन आहे, तो रुसतो, लोभ करतो, असे वाटेल. 'डोसाइल' तर आणखी अडचणीचा. त्याचे लॅटिन मूळ शिकवण्याच्या क्रियापदात आहे. डोसाइल म्हणजे शिकवले तर शिकेल असा. आणि माझ्या वाचनात हळूहळू स्पष्ट होत गेले की टॅरंटुला पाळणाऱ्याने पहिली गोष्ट हीच समजून घ्यायची असते: हा प्राणी तुम्हाला ओळखणार नाही, तुमच्या हाताला सवकणार नाही.

शब्द शेवटी गोठ्यात सापडले. प्राण्यांच्या वागण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत ते गुराढोरांनी दिलेले आहेत. गरीब गाय, मारका बैल, बुजरा गोऱ्हा, लाथाळ म्हैस, ओढाळ वासरू. हे शब्द मनाबद्दल बोलत नाहीत. जवळ गेल्यावर काय होईल तेवढे सांगतात. गरीब म्हणजे अंगावर येणार नाही. बुजरा म्हणजे दचकून पळेल, आणि पळताना तुम्हाला किंवा स्वतःला इजा करून घेईल. मारका म्हणजे शिंगे खाली करून येईलच. जबलपूरच्या आमच्या हिंदीमिश्रित मराठीत गरीब गायीला 'सिधी' म्हणतात. भाच्याला मी वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, म्हणजे हा सिधा आहे आणि तो मारका, बस ना?" बस नव्हते. कारण तक्ता कोणत्या कोळ्याला सिधा म्हणतो आणि कोणत्याला मारका, याच्या मागे जवळजवळ तीनशे वर्षांचा प्रवास आहे, आणि त्यातला काही भाग आपल्याच जंगलांतून आणि रेल्वे स्टेशनांवरून गेलेला आहे.

*

'टॅरंटुला' हे नावच मुळात या प्राण्याचे नाही. दक्षिण इटलीतल्या तारांतो शहराच्या आसपास एक मोठा लांडगा-कोळी सापडतो. तो चावला की माणूस सैरभैर होतो आणि दिवसदिवस नाचल्याशिवाय उतार पडत नाही, अशी तिथली समजूत होती; तारांतेला हा नाच त्याच नावाच्या कुळातला. त्या कोळ्याचा डंख प्रत्यक्षात तसा किरकोळ. पुढे युरोपीय लोक अमेरिका खंडात गेले, तिथे त्यांना तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले, आणि भीतीचे तयार नाव त्यांनी त्या प्राण्यांना देऊन टाकले. आज ज्यांना आपण टॅरंटुला म्हणतो ते थेराफोसिडी या वेगळ्याच कुळातले. त्यांच्या हजारावर प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत आणि तारांतोच्या कोळ्याशी त्यांचे नाते दूरचे आहे.

ही भीती इतिहासजमा झालेली नाही. २०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात सदियाच्या परिसरात मोठ्या कोळ्यांनी माणसांना चावे घेतल्याच्या आणि मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. कोळ्याच्या विषानेच मृत्यू झाले हे सिद्ध झाले नाही. चाव्याच्या जागी ब्लेडने कापण्यासारखे उपाय मात्र झाल्याचे वृत्तांत होते. तारांतोत नाच होता, सदियात ब्लेड.

दक्षिण अमेरिकेतल्या कोळ्याची कीर्ती युरोपात पोचवली ती मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईंनी. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्या आपल्या मुलीला घेऊन सुरिनामला गेल्या. १७०५ मध्ये तिथल्या कीटकांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यातल्या एका पानावर पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी छोट्या हमिंगबर्डला खाताना दाखवला आहे. त्यावरून लिनियसने १७५८ मध्ये त्या जातीला 'पक्ष्यांचा' अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्या पिढ्यांतल्या विद्वानांनी मात्र बाईंनी कल्पनेने काढले म्हणून त्या चित्राला नाके मुरडली. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने १८६३ च्या आपल्या प्रवासग्रंथात कोळ्याच्या तावडीतले लहान पक्षी स्वतः पाहिल्याचे लिहिले, तेव्हा कुठे मेरियनबाईंवरचा आळ गेला.

त्याच पानांच्या आसपास बेट्सने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. एक, या कोळ्याच्या अंगावरचे केस हाताला लागले की वेड लागायची पाळी येईल अशी आग होते. दोन, त्याच्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातली मुले अशाच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून, कुत्र्याला फिरवावे तसे, त्याला घरात फिरवत होती. टॅरंटुला पाळण्याची ही मला माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद. आजच्या नवशिक्यांच्या तक्त्यातला सगळा उलगडा या दोन वाक्यांत आहे. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. घाबरल्यावर ते मागच्या पायांनी ते केस हवेत उडवतात. समोरच्याच्या डोळ्यांत, नाकात, कातडीत ते शिरतात. हत्यार दुरून चालणारे असल्यामुळे चावायची वेळ क्वचित येते. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरंटुलांकडे हे केस नाहीत. त्यांच्याकडे दोनच उपाय आहेत, विजेसारखे पळणे किंवा चावणे. यातून पाळणाऱ्यांच्या भाषेत 'नव्या जगाचे' ते गरीब आणि 'जुन्या जगाचे' ते मारके अशी विभागणी रूढ झाली. गुराख्याच्या शब्दांत सांगायचे तर दोघेही तितकेच बुजरे आहेत. एकाच्या हातात धूळ आहे, दुसऱ्याच्या हातात सुरी.

*

आता आपल्याकडचे मारके. आसाममधल्या चहामळ्यावरच्या एस. ई. पील नावाच्या गृहस्थाला एक मोठा कोळी डिवचल्यावर आवाज करताना आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसनने १८७७ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला 'स्ट्रिड्युलन्स', म्हणजे करकरणारा, असे नाव दिले. तोंडाजवळच्या अवयवांवरचे राठ काटे एकमेकांवर घासून हा आवाज निघतो. पुढचे पाय उंच करून, विषदंत दाखवून उभा राहिलेला, करकरणारा कोळी पाहिल्यावर त्याला रागीट म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. पण ती पवित्र्याची भाषा आहे. तिचा अनुवाद 'मी येतो आहे' असा नाही, 'तू येऊ नकोस' असा आहे.

भारतातल्या पुष्कळ टॅरंटुलांना नावे मिळाली ती मात्र अवघ्या काही वर्षांत, आणि एकाच माणसाकडून. रेजिनल्ड इनेस पोकॉक लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्ग-इतिहास विभागात काम करत होता. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सभासदांसह भारतभरचे हौशी संग्राहक त्याच्याकडे कोळी पाठवत. १८९९ मध्ये त्याने एकामागून एक जाती जाहीर केल्या. १९०० मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला त्याचा अष्टपादांवरचा खंड निघाला, आणि त्याच वर्षी सोसायटीच्या जर्नलमध्ये 'ग्रेट इंडियन स्पायडर्स' हा त्याचा लेख आला, झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया या रंगीत टॅरंटुलांवर. नावाचा ग्रीक अर्थ चित्रविचित्र श्वापद.

पोकॉकची नावे एका ओळीत वाचली की दरबाराची यादी वाचल्यासारखे वाटते. रेगालिस, राजस. फॉर्मोसा, सुंदर. मिरांडा, विस्मयकारक. पण कॅनरा प्रांतातल्या एका बिळात राहणाऱ्या टॅरंटुलाला त्याने 'ट्रुक्युलेंटस' असे नाव दिले: उग्र, भांडखोर. हा कोळी ओलसर उतारावर बीळ करतो, तोंडाशी रेशमाची नळी विणतो, आणि मादी आपल्या आयुष्याचा बहुतेक भाग त्या बिळातच काढते. घराच्या दाराशी कुणी काडी घातली तर ती अंगावर येते. माझ्या ओळखीच्या पुष्कळ गृहिणी एवढ्यावरून ट्रुक्युलेंटस ठरतील. शास्त्रीय नाव मात्र पुसता येत नाही. तो स्वभावाचा शेरा लंडनच्या टेबलावरून आला आणि सव्वाशे वर्षे त्या जातीच्या कपाळावर आहे.

पोकॉकच्या कागदांत रेल्वेची ठिकाणे भेटतात. राजस ठरलेला कोळी अरकोणम या जंक्शनच्या गावाहून आलेला. झळझळीत निळ्या रंगाच्या पोइसिलोथेरिया मेटॅलिकाचे वर्णन त्याने एकाच नमुन्यावरून केले. तो आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडला होता. गुत्तीच्या आसपास नंतर तो कुणाला दिसेना. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सापडला तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर दूरच्या, नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलात. वखारीतला तो पहिला कोळी लाकडाच्या ओंडक्यातून रेल्वेने आला असावा, असा आता अंदाज आहे. आमचे जबलपूरही अशाच रुळांवर वाढलेले गाव. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेल्या दोन रेल्वे इथे जोडल्या गेल्या. महाकोशलातल्या सागाच्या जंगलांना जगाचे दार इथेच उघडले. जंगलातून काय काय बाहेर गेले याची नोंद लाकडाच्या घनफुटांत आहे. सालीखाली बसून कोण गेले याची नोंद वखारीत कुणी ठेवत नसे. गुत्तीला ती योगायोगाने झाली.

नोंद ठेवण्याचे काम जबलपूरने पुढे आपल्या परीने केले. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे मध्य भारताचे केंद्र या शहरात आहे, आणि २००४ मध्ये सर्वेक्षणाने गजबे यांचा जबलपूरच्या कोळ्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या गावावर, गावातल्या एका अष्टपाद गणावर, दीडशे पानांचे पुस्तक आहे हे इथल्या फार थोड्यांना माहीत असते. अशा ग्रंथात डोळ्यांची मांडणी असते, पायांच्या सांध्यांची लांबी असते, जननेंद्रियांच्या आकृत्या असतात. स्वभावाचा रकाना नसतो.

*

मग तो रकाना आला कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे दोन वाटांनी. पहिली प्रयोगशाळेची. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॅरंटुला वर्षानुवर्षे पाळले, स्वतःला चावून घेतले, आणि अमेरिकेतल्या जातींचा चावा टाचणी टोचण्यापलीकडे फारसा नसतो असे दाखवले. त्यांचे 'द टॅरंटुला' हे पुस्तक १९५८ चे. येल विद्यापीठातले अलेक्झांडर पेट्रुंकेविच यांनी १९५२ मध्ये कोळी आणि गांधीलमाशी यांच्यावर लिहिलेला निबंध तर अमेरिकेतल्या इंग्रजी लेखनाच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यांनी वाचला. एरवी केसाला स्पर्श झाला तरी तुटून पडणारा टॅरंटुला, पेप्सिस ही गांधीलमाशी त्याला चाचपत असताना, त्याच्याशेजारी त्याचे थडगे खणत असताना, जवळजवळ स्वस्थ उभा राहतो. मग ती त्याला डंख मारते, लुळा करते आणि पुरते. हा कोळी गरीब की मारका? एकाच प्राण्याच्या एकाच दिवसात दोन्ही उत्तरे आहेत.

दुसरी वाट बाजाराची. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला दिसायला देखणा, चालायला संथ. सत्तरच्या दशकापासून तो चित्रपटांत आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गेला. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' मध्ये नटाच्या अंगावर सोडलेले टॅरंटुला जागचे हलायलाच तयार नव्हते, अशी चित्रीकरणाची आठवण सांगितली जाते. इतक्या गरीब प्राण्याला मागणी येणारच. जंगलातून तो इतका उचलला गेला की १९८५ मध्ये त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइटीसच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालावे लागले. मग बाजार चिलीच्या गुलाबी टॅरंटुलाकडे वळला. तो स्वस्त होता, कारण जंगलातून हजारोंनी पकडून आणला जात होता. आणि स्वस्त होता म्हणून 'नवशिक्यांसाठी उत्तम' ठरला. त्याच जातीतले काही कोळी महिनोन् महिने दगडासारखे बसतात आणि काही झाकण उघडताच पुढचे पाय उचलतात, हे लोकांना घरी नेल्यावर कळले.

लाल गुडघ्यांच्या कोळ्याची आणखी एक गंमत २०१७ मध्ये बाहेर आली. मेंदोसा आणि फ्रांके या मेक्सिकोतल्या संशोधकांनी त्या गणाचा फेरविचार केला तेव्हा दिसले की जगभर 'स्मिथी' या नावाने पाळलेले पुष्कळसे कोळी 'हामोरी' या दुसऱ्याच जातीचे आहेत. पुढे २०२० मध्ये त्यांनी कुरळ्या केसांच्या टॅरंटुलाला आणि त्याच्या भावंडांना नवा गण दिला. त्याचे नाव त्लिल्तोकात्ल, मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत काळा कोळी. तारांतोहून निघालेल्या उसन्या नावाच्या मागे, ज्या मातीतला हा प्राणी आहे तिथला शब्द शेवटी येऊन उभा राहिला. अनुवादक म्हणून मला त्या तक्त्यात आनंद झालेली ही एकमेव जागा.

*

हे सगळे मी आईला तुकड्यातुकड्याने वाचून दाखवत होते, तोवर भाच्याकडे एक प्रस्ताव आला होता. कुणी एक विक्रेता पूर्ण वाढलेली पोइसिलोथेरिया रेगालिस, म्हणजे पोकॉकची राजस, स्वस्तात देत होता. सोबत शब्द दिला होता की "एकदम शांत आहे, आठवडाभर हललेली नाही."

आईने विचारले, "कुठली आहे?"

भाच्याला वाटले तिला जात विचारायची आहे. तिला तसे विचारायचे नव्हते. तिच्या माहेरी गाय घेताना दुधाआधी आणि शिंगांआधी हा प्रश्न विचारत: घरची पैदास की बाजारातली? कुणाच्या गोठ्यातली? घरच्या गोठ्यात जन्मलेल्या गायीची आई माहीत असते. बाजारातून आलेली गरीब दिसते, कारण ती थकलेली असते. विक्रेत्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यातच उत्तर होते. आठवडाभर न हललेला जंगलातला कोळी शांत नसतो. तो भेदरलेला असेल, तहानलेला असेल, कात टाकण्याच्या बेतात असेल किंवा मरायला टेकलेला असेल. रेगालिस आपल्या सह्याद्रीतही आहे. झाडांच्या ढोलीत आणि सालीखाली राहते, डोळ्याचे पाते लवायच्या आत फांदीमागे नाहीशी होते. तिच्याकडे खाजरे केस नाहीत. पोइसिलोथेरियाच्या चाव्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय आढाव्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना स्नायूंचे तीव्र पेटके आल्याचे दिसले. टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस मेल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण ज्या घरात सत्तरी ओलांडलेले, हृदयाची औषधे घेणारे माणूस आहे तिथे हा विचार पुरेसा होता.

शिवाय कायदा आहे. पोइसिलोथेरिया गण २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसमधल्या प्राण्यांसाठी वेगळे प्रकरण जोडले, आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी कशी करायची याचे नियम २०२४ मध्ये आले. लाल गुडघ्यांचा आणि कुरळ्या केसांचा टॅरंटुलाही याच परिशिष्टात मोडतात. म्हणजे तक्त्यातल्या सर्वांत 'सिध्या' प्राण्यालाही कागद लागतात. ते कागद म्हणजे आईच्या प्रश्नाचेच सरकारी रूप: कुठला आहे, कुणाकडे जन्मला.

राजस घरात आली नाही. भाचा काही दिवस गाल फुगवून होता. नंतर त्याने मला तक्ता पुन्हा मागितला, या वेळी स्वतः वाचायला. ज्याच्याकडे पैदाशीचे आणि नोंदणीचे कागद असतील अशाच माणसाकडून, कुरळ्या केसांचे लहान पिल्लू मिळेपर्यंत थांबायचे त्याने ठरवले आहे. पिल्लू घेण्यात शहाणपण आहे. नखाएवढ्या पिल्लाबरोबर पाळणाऱ्याचाही हात वाढतो, आणि चूक झाली तरी ती लहान असते. पण पिल्लू मादी निघाले तर ते वीस वर्षांहून जास्त जगू शकते. नर प्रौढ झाल्यावर लवकर जातो. विसाव्या वर्षी आणलेली मादी चाळिशीतही शेल्फवर असेल. नोकरी, लग्न, बदली, सगळ्यांत तिची पेटी सोबत. 'नवशिक्यांसाठी' या शब्दात हा काळ कुठे मावतो?

अनुवाद पूर्ण करताना मी तो रकाना काढून टाकला नाही. मूळ मजकुराशी तेवढे इमान राखावे लागते. पण रकान्यावरचे शीर्षक 'स्वभाव' असे न ठेवता 'घाबरल्यावर काय करतो' असे ठेवले. एवढा बदल केल्यावर खालच्या खणांत शब्द आपोआप बसले. कुरळ्या केसांचा: बहुधा जागीच बसतो, डिवचल्यास केस उडवतो. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा: संथ, पण केस उडवायला तत्पर. ब्राझीलचा काळा: गरीब, फार सावकाश वाढतो. चिलीचा गुलाबी: एकेकाचे वेगळे, आधी महिनाभर पाहावे. आशियातले बिळात राहणारे: दार उघडल्यास अंगावर येतात, न उघडल्यास दिसतही नाहीत. झाडावरचे रंगीत: पळतात, कोपऱ्यात सापडल्यास चावतात.

खाली मी चार ओळींची टीप जोडली, कारण मूळ पुस्तिका हे गृहीत धरते आणि आपल्याकडचा वाचक धरणार नाही. कात टाकण्याआधी आणि टाकल्यावर काही दिवस कोणताही टॅरंटुला वेगळा वागतो, त्या दिवसांवरून पारख करू नये. पारख करायची तर पेटीचे झाकण हळू उघडून लांब, मऊ ब्रशाने मागच्या पायाला स्पर्श करावा, आणि एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी पाहावे. गरीब असला तरी हातावर घेऊ नये. हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते, आणि हातावर बसण्यात त्याला काही सुख नाही. पाणी नेहमी असावे.

सुश्रुताच्या यादीत चावा घेतलेला माणूस मध्यभागी होता, पोकॉकच्या यादीत बाटलीतला नमुना, बाजाराच्या यादीत गिऱ्हाईक. कोळी जिथे राहतो ते बीळ, ती ढोली, तो उतार यांपैकी एकाही यादीच्या मध्यभागी नव्हता. जबलपूरच्या बाहेर डुमनाच्या रानात पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत जमिनीलगत टॉर्च धरून चालले तर मातीत रेशमाचे अस्तर असलेली लहानमोठी तोंडे दिसतात. त्यांतली कोणती कुणाची हे सांगायला गजबे यांच्यासारखा जाणकार लागतो. बाकीच्यांसाठी नियम एकच आहे, आणि तो गोठ्यातलाच आहे: दारात काडी घालू नये.